माडाभोवती मांडलेला समुद्र

आई, काल वर्गात समुद्र शिकवत होते. देवासच्या या शाळेतल्या मुलींनी क्षिप्रेपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या बाईंनीही नाही. समुद्राचं पाणी एका जागी थांबत नाही, त्याचे प्रवाह ऊब कुठल्या कुठे नेतात, लाटा एका किनाऱ्याची वाळू उचलून दुसरीकडे टाकतात, असं मी पुस्तकातलं सांगत होते. तेवढ्यात टोंकखुर्दची एक मुलगी उठली. "बाई, पानी तर पानीच ना? ते जमीन कसं खाईल?" मी तोंड उघडलं आणि पुस्तकाऐवजी तूच बोलायला लागलीस. म्हणून आज लिहायला बसले. पाठवायचं कुठे, हे मी स्वतःला मुद्दामच विचारलेलं नाही.

मी लहान आहे आणि धारच्या आपल्या स्वयंपाकघरात मामा पाटावर बसलेत. दादाच्या मुंजीला कोकणातून एवढ्या लांब आलेत आणि येताना तुझ्यासाठी गोणपाटात गुंडाळून कोंब फुटलेला नारळ आणलाय. तू विचारतेस, "समुद्राकडच्या पुढच्या रांगेतल्या माडाचा ना रे?" मामांचा भात कालवणारा हात थांबतो. मग ते सांगतात की ती रांग आता नाही. पावसाळ्यात लाटा तिरप्या येतात, आपल्या पुळणीची वाळू ओढून खाडीच्या तोंडाशी नेतात. वाळू गेली, मुळं उघडी पडली आणि माड एकेक करून आडवे झाले. खाडीपलीकडच्या गावाला मात्र नवी पुळण मिळाली, तिथे आता पोरं खेळतात. तू वाढायची थांबली नाहीस. "म्हणजे एकाचं काढून दुसऱ्याला दिलंन्. पोटात काही ठेवून घेत नाही हो तो," एवढंच म्हणालीस. तुझ्या लहानपणच्या त्या माडांचं आता हा कोंब सोडला तर काहीच उरलं नव्हतं, आणि तो तुला धारमध्ये जगवायचा होता.

सगळ्यांनी तुला वेड्यात काढलं. शेजारची मावशी विहिरीवर येऊन सांगून गेली, "बई, यो झाड यां नी लागेगा." बाबा कचेरीतून आले की विचारत, "काय म्हणतो तुमचा कोकणातला पाहुणा?" माहेरावर कुणी बोललं की तुझ्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. मला तो बघायला इतकं आवडायचं की कधी कधी मीच बाबांना आठवण करून द्यायची.

मग थंडी आली. माळव्यात दंव गोठून पिकं जळतात, त्याला आपण पाला पडला म्हणतो. तुझ्या माहेरी हा शब्दच नव्हता. पाला पडेल असं दिसलं त्या संध्याकाळी तू बंब पेटवलास, घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या घागरी आणि माठ गरम पाण्याने भरून रोपाभोवती मांडलेस, वरून गोणपाटं घातलीस. मी पाय धुवायला एक तांब्या बुडवला तर केवढ्यानं ओरडलीस! "अगो, हात लावू नको! ऊब आहे ती त्याची." मग मला जवळ ओढून सांगितलंस, "समुद्र दिवसभर ऊन घेतो नि रात्री थोडं थोडं परत देतो. म्हणून आमच्याकडे माड काकडत नाहीत. इथे तो नाही, तर आपणच व्हायचं." ओटीवरून बाबा म्हणाले, "धारला तलाव कमी पडले वाटतं, आता समुद्र मांडलाय. मांडून झाला असेल तर पानं घे." सकाळी मावशीची वांगी काळी पडली होती. तुझ्या माडाची मात्र नुसती टोकं पिवळी झाली होती. तू अंगणात उभी राहून पोरीसारखी हसलीस. त्या सकाळी तू मला फार फार आवडलीस, आई. पुढे पुस्तकात जमीन आणि पाणी कसं तापतं, कसं निवतं हे वाचलं, तेव्हा मला घोकावं लागलं नाही.

माड छपराएवढा झाला, नारळ काही धरला नाही. आणि एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन तू गेलीस.

त्या वर्षीची पहिली कडक थंडी. बाबा कचेरीतून आले, पगडी खुंटीला लावली आणि बंब पेटवायला बसले. घागरी त्यांनी स्वतः भरल्या, स्वतः वाहिल्या. मी मदतीला गेले तर नको म्हणाले. मला ते बाळ म्हणायचे. तुझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, 'ऐकलंस का' ही हाक तेवढी तुझी. मी स्वयंपाकघराच्या दारात दिवा धरून उभी होते. ते वाकून घागरी लावत होते. मान वर न करता म्हणाले, "ऐकलंस का, एवढ्या पुरतील ना?"

 त्यांना उत्तरासाठी ताटकळत ठेवणं मला जमेना. मी म्हटलं, "पुरतील हो." ते बरं म्हणाले आणि शेवटची घागर लावली. आई, तुझ्या जागी मी बोलले, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.