रेषेच्या आतला डावा पाय

५ जानेवारी, रविवार. सकाळी ९
नागपूरच्या फ्रिसबी टीममध्ये माझी निवड झाली. वय ४७. वजन इथे लिहिण्याची गरज नाही.

निवड कशी झाली ते नोंदवून ठेवतो. रोशनी, म्हणजे माझी मुलगी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि या टीमची नवी कॅप्टन आहे. तिला सोडायला मी सकाळी ग्राउंडवर जातो आणि बाजूला बसून चहा पिता पिता सगळ्यांना मोफत मार्गदर्शन करतो. १ आणि २ फेब्रुवारीला रायपूरला टुर्नामेंट आहे. दोन मुलांच्या परीक्षा निघाल्या, एकाचा गुडघा गेला. दहा नावं द्यावीच लागतात, भरली नऊ. रोशनी म्हणाली, बाबा, तुम्ही फक्त नाव द्या, तुमाले खेळायचं काम नाही पडणार.

पोरगी लाजाळू आहे. तुमच्याशिवाय जमत नाही असं चारचौघांत म्हणवत नाही तिला. समजून घेतलं.

७ जानेवारी, मंगळवार
संकल्प. साडेपाचला उठणे. पाच किलोमीटर धावणे. रात्री भात बंद. तर्री पोहे कायमचे बंद.

८ जानेवारी, बुधवार
सात वाजता उठलो. तर्री पोहे खाल्ले. थंडीत शरीराला तेल लागतं, हे कोणताही डॉक्टर सांगेल. संकल्प सोमवारपासून.

१२ जानेवारी, रविवार
आज नियम वाचले. थक्क झालो. या खेळात अंपायरच नाही! फाउल झाला तर खेळाडूनेच सांगायचं. मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात तबकडी झेलली की पॉइंट. पण झेलताना पाय रेषेवर पडला तर ज्याचा पडला त्यानेच "आउट" म्हणायचं. समोरचा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. (तबकडीला पोरं डिस्क म्हणतात. मी तबकडी म्हणतो. कोणीतरी भाषा जपली पाहिजे.)

हा खेळ माझ्यासाठीच निघाला आहे. बावीस वर्षं हिंगण्याच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. अर्धा मिलिमीटर फरक असला की पीस रिजेक्ट. कोणाचा मुलाहिजा नाही. मी शॉपमध्ये शिरलो की मशीनवाले उठून चहाला जातात. एवढा आदर आजकाल कोणाला मिळतो?

१९ जानेवारी, रविवार
प्रॅक्टिसमध्ये अकरा फाउल पकडले. सगळे समोरच्यांचे. टीममधला सौरव, चांगला फेकतो पण बोलतो जास्त, तो म्हणाला, काका, तुमाले कोणी हातच नाही लावला. मी म्हणालो, वारा लागला ना! वारा त्याच्या हातामुळेच आला.

रोशनी म्हणाली, बाबा, दुसऱ्यांच्या चुका तुमाले लई बारीक दिसतात.

पहिल्यांदा तिने चारचौघांत माझं कौतुक केलं. घरी येताना जिलेबी घेतली.

२३ जानेवारी, गुरुवार
धावण्याचा सराव सुरू. पहिल्या दिवशी झाडापर्यंत. झाड लांब आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार. ट्रेनमध्ये
सकाळच्या गाडीने निघालो. पुष्पलताने दहा जणांच्या दशम्या आणि लसणाची चटणी दिली. निघताना बायको म्हणून काही प्रोत्साहन देईल असं वाटलं होतं. म्हणाली, अहो, पोरीच्या मधात मधात नका करू.

गोंदियापासून डोंगरगडपर्यंत टीमला डावपेच समजावले. डोंगरगडला पाहिलं तर नऊच्या नऊ जणांच्या कानात इअरफोन. एकाग्रतेसाठी असावेत.

दुर्गच्या पुढे रोशनी वरच्या बर्थवरून खाली उतरून माझ्याजवळ येऊन बसली. आजकाल बसत नाही अशी. म्हणाली, दोन वर्षांत आपली टीम एक मॅच नाही जिंकली बाबा. एकही नाही. कॉलेजात सारे हसतात. मले कप नाही पाहिजे, फक्त एक मॅच.

मी म्हणालो, मी आहे ना.

तिने माझ्या डब्यातली दशमी मोडून खाल्ली.

१ फेब्रुवारी, शनिवार. रायपूर
तीन मॅच. २-१३, ४-१३, ३-१३. कारणं: ऊन, छत्तीसगडचं गवत, रोशनीने मला एकूण चारच मिनिटं उतरवलं. या चार मिनिटांत मी सहा फाउल पुकारले. पाच वेळा समोरच्यांनी नम्रपणे नाही म्हटलं, एकदा माझ्याच टीमने.

प्रत्येक मॅचनंतर दोन्ही टीम एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल उभ्या राहतात आणि एकमेकांचं कौतुक करतात. हरलेल्यांचंसुद्धा. तिसऱ्या मॅचनंतर एक मुलगी माझ्याबद्दल बोलली, अंकलजी की आवाज बहुत बुलंद है. खेळाबद्दल बोलायचं राहून गेलं असेल.

२ फेब्रुवारी, रविवार. रात्री, परतीच्या ट्रेनमध्ये
सकाळची मॅच ६-१३. सुधारणा स्पष्ट आहे.

मग शेवटची मॅच. सातव्या नंबरसाठी, आठ टीममध्ये. समोर भिलाई. आता जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण पुढे लोक वेगळं सांगतील.

१२-१२. पुढचा पॉइंट ज्याचा त्याची मॅच. आमच्या एका मुलाच्या पोटरीत गोळा आला आणि बदली म्हणून फक्त मी उरलो होतो. रोशनीने माझ्याकडे पाहिलं, मग दुसरं कोणी आहे का ते पाहिलं, मग परत माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, बाबा, कोपऱ्यात उभे राहा, हलू नका.

मी हललो. सौरवने लांब फेकली. माझ्यासोबतचा भिलाईचा मुलगा घसरून पडला. तबकडी माझ्याकडेच येत होती. मी धावलो. खरंच धावलो, झाडाच्याही पुढे. दोन्ही हातांनी छातीशी धरली. आयुष्यात पहिल्यांदा. आमची पोरं किंचाळत आत शिरली, सौरवने माझा मुका घेतला.

भिलाईचा मुलगा उठला, गुडघे झाडले आणि विचारलं, अंकल, इन थे?

मी म्हणालो, इन.

तो म्हणाला, ठीक है. एवढंच. हात मिळवायला पुढे आला.

तेवढ्यात रोशनी. दहा पावलांवर उभी होती. म्हणाली, बाबा, पाय लायनीवर पडला.

मी म्हणालो, इन आहे.

ती म्हणाली, आउट आहे. आणि माझ्या हातातून तबकडी घेतली आणि भिलाईच्या मुलाला दिली. तो मुलगा माझ्याकडे पाहत होता, तबकडीकडे नाही. मिनिटभरात त्यांनी पॉइंट केला. १२-१३.

स्वतःच्या पोरीने. दहा पावलांवरून. तिचा चष्म्याचा नंबर दीड आहे.

गोलात भिलाईच्या कॅप्टनने रोशनीला मिठी मारली. म्हणाली, हमने तो देखा ही नहीं था, तुम न बोलती तो मैच तुम्हारा था. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रोशनी हसत होती आणि डोळे पुसत होती. माझ्याबद्दल कोणी काही बोललं नाही. आवाजाबद्दलसुद्धा नाही.

मी नळावर जाऊन डावा बूट धुतला. स्वच्छतेची जुनी सवय.

रात्र होईपर्यंत गाडीत कोणी माझ्याशी बोललं नाही. दमले असतील. दशम्या उरल्या.

३ फेब्रुवारी, सोमवार
पुष्पलताला मॅचची खरी हकीकत सांगितली. माझी बाजू. ती दाराजवळच्या बुटांकडे बघत होती. डावा पांढराशुभ्र, उजव्यावर रायपूरची लाल माती. म्हणाली, अहो, एकच जोडा काहून धुतला?

म्हणालो, नळाचं पाणी गेलं.

मग उमरेडला बाबांना फोन केला. मोठ्या माणसाचा आधार असतो. नत्थूजी, माझे वडील, चाळीस वर्षं हातमागावर बसले. पण रोशनीने त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. आजोबाला फोन करते, मला चहाचं विचारत नाही. बाबा म्हणाले, माह्यावर गेली पोट्टी. धोतराच्या काठात एक धागा चुकला त मी दिवसाचं काम उकलून पुन्हा बसो. घेणाऱ्याले काय दिसते? कोणालेच नाही दिसत. आपल्याले दिसते ना गा.

मी विचारलं, आणि मी कोणावर गेलो?

बाबा म्हणाले, आवाज येऊन नाही राहिला. आणि फोन ठेवला.

४ फेब्रुवारी, मंगळवार. कंपनीतून
चाळीस पीस रिजेक्ट केले. अर्धा मिलिमीटर. मशीनवर भैयाजी होता, जुना माणूस. म्हणाला, साहेब, येवढ्यानं काय होते? कोणाले दिसते?

मी त्याला सुनावलं. रेष म्हणजे रेष. रेषेवर म्हणजे बाहेर. माणसाने स्वतःहून... इथपर्यंत आलो आणि पुढचं वाक्य आठवेना. पाणी प्यायला गेलो. परत आलो तर भैयाजी चहाला गेला होता.

सौरवला मेसेज केला. त्याच्या दोस्ताने मॅचचा व्हिडिओ काढला होता, तो पाठव. पुराव्यानेच तोंडं बंद होतील.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ७
व्हिडिओ आला. नऊ सेकंद.

सकाळी ७.४०
मोबाइलचा कॅमेरा तिरपा असतो. लेन्समुळे रेषा वाकडी दिसते. शिवाय सावली.

सकाळी ८.१५
मोठं करून एकेक फ्रेम पाहिली. रेषा आखायची ती पांढरी फक्की माझ्या बुटाखालून उडताना दिसते. ढगासारखी. रेषेवर अर्धा बूट नाही, पूर्ण बूट. अर्धा मिलिमीटर वगैरे मोजायची गरजच नाही.

व्हिडिओ डिलीट केला. सौरवला कळवलं, क्वालिटी खराब आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
चार दिवसांत रोशनी माझ्याशी दोनदा बोलली. एकदा, बाबा, सिलेंडरवाला आला. दुसऱ्यांदा, बाबा, तुमचा फोन वाजून राहिला. ग्राउंडवर ऑटोने जाते. ओरडली असती, भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. मला उत्तरं येतात. असं गप्प राहिलेलं मला सहन होत नाही. वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

नाश्त्याला म्हणालो, पाय बाहेर होता.

ती म्हणाली, तुमाले कधी समजलं?

म्हणालो, काल. व्हिडिओ पाहून.

हे खोटं आहे. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. बूट पडला तेव्हाच कळलं होतं. झेलायच्याही आधी. त्या मुलाने विचारलं तेव्हा तोंडातून "इन" निघालं कारण ती बाजूला उभी होती, आणि तिला एक मॅच हवी होती, आणि ती मी दिली असती. आणि सगळे माझ्या नावाने ओरडत होते, हेही आहे.

रोशनीने दाराजवळच्या बुटांकडे पाहिलं. एक पांढरा, एक लाल. बराच वेळ पाहिलं. तिला ते व्हिडिओपेक्षा जास्त स्पष्ट दिसलं असावं. पोहे संपवले, ताटली उचलली आणि जाता जाता म्हणाली, रविवारी साडेपाचला ग्राउंडवर या. लायनी मारायच्या आहेत. फक्की सौरव आणते.

म्हणालो, आणि मॅच?

म्हणाली, तुम्ही लायनी मारा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
नवी जबाबदारी मिळाली. टेक्निकल पोस्ट आहे. बावीस वर्षांचा अनुभव पाहूनच दिली असणार. पुष्पलताला सांगितलं. ती खूप हसली. आनंदाने.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८
पावणेपाचलाच जाग आली. संकल्प वगैरे न करता.

दोरी ताणली, घमेल्यातून फक्की सोडत गेलो. चारी रेषा सरळ. एक ठिकाणी बोटभर वाकडी झाली होती. अंधार होता, कोणाला दिसली नसती. पुसली, पुन्हा मारली.

पोरं आली, खेळ सुरू झाला. मी बाजूला चहा घेऊन बसलो. मार्गदर्शन केलं नाही. रोशनीने कोपऱ्यात एक झेलली आणि लगेच खाली आपल्या पायाकडे पाहिलं, मग रेषेकडे, मग माझ्याकडे. मी मान हलवली. ती म्हणाली, इन.

दोन्ही बुटांना फक्की लागली आहे. धुतली नाही.