पुष्करच्या हस्ताक्षरात

मी, अनंतराव विष्णु खांबेटे, वय वर्षे सहासष्ट, धंदा निवृत्त, राहणार नुंगंबाक्कम, चेन्नई, आज रविवारी सकाळी दोन इडल्या व कॉफी घेऊन, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली नसताना, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते येणेप्रमाणे सांगत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. पद्मनाभन यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी ‘स्वभाव तापट’ असेही लिहिले आहे. तो कोणता आजार हे मी त्यांना विचारणार आहे.

‘सांगत आहे’ म्हटले, कारण मला लिहिता येत नाही. दोन वर्षांपासून मला कंपवात आहे. उजव्या हातात पेन दिले तर कागदावर जे उमटते ते मलाही वाचता येत नाही. म्हणून हे मृत्युपत्र माझा मुलगा पुष्कर लिहून घेत आहे. वकील इंग्रजीत टाइप करून देणार होते, पण मला जे बोलायचे आहे ते इंग्रजीत बोलता येत नाही. शेजारचे जनकोजी राव घरात तंजावरची मराठी बोलतात, पण लिहितात तमिळ. तेव्हा ह्या शहरात मला मराठी लिहून देणारा हा एकच माणूस हाताशी आहे, आणि त्याच्याशी मी आठ महिने एक अक्षर बोललेलो नाही. आज बोलतो आहे ते एवढ्याच कामासाठी. त्याच्याविषयी जे यायचे तेही त्यानेच लिहायचे आहे. मी म्हणेन ते सर्व उतरवायचे, गाळायचे नाही, सौम्य करायचे नाही. माझे डोळे शाबूत आहेत. प्रत्येक पान मी वाचून पाहणार आहे.

त्याने मान हलवली. मान हलवली हेही लिही.

कलम १. ह्यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पत्नी हेमलता असेपर्यंत मरण्याचा विचार मनात आला नाही, कारण आधी जाण्याचा मान माझा असे आमच्यात ठरले होते. ती २००५ साली गेली. ह्या बाबतीत तिने मला फसवले.

कलम २. मी गेल्यावर दहावे, तेरावे करू नये. पेपरात फोटो देऊ नये. ज्या नातेवाइकांनी मी चिंचवडची नोकरी सोडून मद्रासला निघालो तेव्हा ‘वेड लागले’ म्हटले, त्यांना कळवण्याची गरज नाही. त्यांना आपोआप कळते.

कलम ३. बँकेतल्या सर्व ठेवी माझी मुलगी सावनी, राहणार पुणे, हिला द्याव्यात. सावनी मला महिन्यातून एकदा फोन करते व चार मिनिटांत ठेवते. तिने माझे काही केलेले नाही, त्यामुळे काही बिघडवलेलेही नाही. हेमलताचे दागिनेही तिलाच.

कलम ४. सून देविका हिला हेमलताचा दगडी रगडा द्यावा. तो तिसऱ्या मजल्यावरून खाली नेण्याची व्यवस्था तिने स्वतः करावी. देविका वाईट नाही. ती फार हळू बोलते व माझ्या शर्टाची बटणे न सांगता लावते. मी तिला तसे करण्यास सांगितलेले नव्हते.

कलम ५. माझे व्हर्निअर, मायक्रोमीटर व दाते मोजण्याची मापे कारखान्यातला माझा जुना सहकारी सुब्बा यास द्यावीत. इरुंगाट्टुकोट्टैच्या त्या गिअरच्या कारखान्यात आम्ही दोघे तपासणी खात्यात होतो. मी नापास केलेला माल तो रात्रपाळीत पास करीत असे आणि खाली माझी आद्याक्षरे टाकत असे. मापे उत्तम स्थितीत आहेत. ती कशासाठी असतात हे त्याला म्हातारपणी तरी कळावे.

कलम ६. आता माझ्या खऱ्या मिळकतीविषयी.

१९९९ साली कंपनीने मला पंधरा दिवस सिंगापूरला पाठवले. तिथे एका दुकानात लेगोच्या टेक्निक मालिकेतली मोटार जोडून ठेवली होती. तिचे चाक हाताने फिरवले तर आतले दट्टे वरखाली होत होते. गिअर बदलता येत होते. डिफरन्शियल होते, आणि ते खोटे नव्हते: एक चाक धरून ठेवले की दुसरे दुप्पट फिरत होते. मी पाऊण तास तिथे उभा होतो. दुकानातल्या मुलीने मुलाचे वय विचारले. मी म्हणालो, छप्पन्न. तिने तरीही वर रंगीत कागद गुंडाळून दिला.

तीस वर्षे मी दुसऱ्यांनी केलेले तपासले आणि नापास केले. स्वतः एक दातेचक्र दुसऱ्यात गुंतवून, दांडा सरकवून, फिरते का पाहण्याचे सुख मला त्या मोटारीने दिले. सोबतच्या पुस्तिकेत एक शब्द नसतो, नुसती चित्रे. ज्या शहरात बसच्या पाट्याही मला वाचता येत नव्हत्या, तिथे मला अडल्याशिवाय वाचता येणारे हे एकच पुस्तक होते. काळी पिन घट्ट बसते, राखाडी पिन सैल असते व फिरते. ही एक गोष्ट बोटांना कळली की पुढचे सगळे कळते. जोडायचे, दोन आठवडे चालवायचे, मग सगळे सोडवून मुरुक्कूच्या, म्हणजे इथल्या चकलीच्या, रिकाम्या डब्यांत निवडून भरायचे. हेमलता म्हणायची, “मोडायचंच असतं तर जोडता कशाला?” मी म्हणायचो, “भांडी घासून ठेवतेस ना, तसं.” ती हसायची. माझ्या विनोदाला हसणारी ती शेवटची.

असे सतरा संच आहेत. ते सर्व, डबे व पुस्तिकांसह, हेरंबला द्यावेत. हेरंब श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर आहे, वय अठ्ठावीस, औरंगाबादचा. महिन्यातून एका रविवारी तो व त्याचे तीन मित्र माझ्याकडे जमतात. चौघेही मोठ्या पगाराचे आणि चौघेही घरी न सांगता येतात. हेरंबला एकदा सांगितले की पुरते. त्याचे काही चुकले तर मी हसतो. पुष्करचे चुकले तर मी कधी हसलो नाही, असे पुष्करने एकदा बोलून दाखवले आहे. ते खरे आहे. हेरंब माझा मुलगा नाही, म्हणून सोपे जाते.

लेखनिकाचे पेन थांबले आहे. शाई संपली का विचारले. नाही म्हणतो.

इथे जनकोजी राव, जे साक्षीदार म्हणून समोर बसले आहेत, मध्येच म्हणाले, “राव, लेकाकडनं हे अस्कं लिहिवणं नको.” त्यांच्या मराठीत अस्कं म्हणजे सगळे. मी त्यांना सांगितले की साक्षीदाराचे काम सही करण्याचे असते. त्यांनी कॉफी ओतून घेतली.

कलम ७. क्रेन. वरच्या कलमातल्या सतरा संचांत ही धरलेली नाही.

२००६ साली पुष्कर कामासाठी जर्मनीला गेला तेव्हा त्याने ही माझ्यासाठी आणली. अठराशेच्या वर तुकडे. त्याने मला आयुष्यात दिलेली ही एकमेव योग्य भेट. कळ फिरवली की दांडा वर उठायचा, लांब व्हायचा, दोरी सुटायची. ती मी पहिल्यांदा एकोणीस दिवसांत जोडली. दुसऱ्यांदा अकरा. तिसऱ्यांदा, गेल्या वर्षीच्या दसऱ्याला, जोडायला बसलो तेव्हा हात हलू लागले होते.

दसरा ते संक्रांत ह्या काळात ती माझ्या हातून सात वेळा कोसळली. पिन भोकाशी नेली की हात आपणच झटका देई आणि तोवर झालेले सगळे खाली. दर वेळी पुष्कर दिवाणाखाली आडवा होऊन तुकडे गोळा करी, मोजून डब्यात टाकी व माझ्यासमोर ठेवी. एकदाही त्याने तोंड वाकडे केले नाही. मी त्याला आंधळा म्हटले, मंद म्हटले, आईच्या वळणावर गेलेला म्हटले. तो म्हणे, “हो बाबा, अजून दोन सापडायचेत.” हे मला सोसवेना.

फेब्रुवारीत मी सावनीकडे दोन आठवडे गेलो. परत आलो तो काचेच्या कपाटात क्रेन उभी. दांडा वर, दोरी ताणलेली, एक तुकडा इकडचा तिकडे नाही. देविकाचे आईवडील आलेले होते. सर्वजण माझ्या तोंडाकडे पाहत होते.

पुष्कर म्हणाला, “बाबा, आता कितीही हात लागला तरी सुटणार नाही.”

“कळ फिरव,” मी म्हणालो.

“ती नाही फिरत आता. सगळीकडे गोंद लावलाय ना. पण पडणार नाही.”

त्याने त्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या नळ्या आणून प्रत्येक पिनेला लावल्या होत्या. राखाडी पिनांनासुद्धा, ज्या फिरण्यासाठीच सैल केलेल्या असतात. दातेचक्रे एकमेकांत दगडासारखी बसली होती. जोडणीत मात्र एकही चूक नव्हती. ती मी त्याच दिवशी पुस्तिका घेऊन तपासली. हे मी त्याला सांगितले नाही, आज लिहिताना त्याला कळते आहे.

मी माझ्या कपाटातून कारखान्याची नापास मालाची लाल चिठ्ठी काढली. ‘कारण’ ह्या रकान्यात ‘पुष्कर’ असे लिहायचे होते. हात चालत नसल्याने ते देविकाकडून, तिच्या आईवडिलांसमोर, लिहून घेतले. तिने लिहिले. ती चिठ्ठी क्रेनच्या दांड्याला बांधली व आठ महिने ती तिथेच आहे. घरी येणारा प्रत्येकजण ती वाचतो. ही क्रेन चिठ्ठीसह पुष्करला द्यावी. ती त्याने दिवाणखान्यात ठेवावी, माळ्यावर टाकू नये.

कलम ८. राहता फ्लॅट. हा मी माझ्या कमाईतून घेतला आहे. हेमलता गेल्यावर पुष्कर व देविका वेलाचेरीची भाड्याची जागा सोडून इथे राहायला आले. ते स्वतःहून आले नाहीत, मी बोलावले म्हणून आले, हे नोंदवणे न्यायाचे आहे. मला एकट्याला भीती वाटत होती. हा फ्लॅट मी सावनीला देत आहे. माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत पुष्करने तो रिकामा करून द्यावा.

ह्याला एकच अपवाद ठेवतो. हे कलम संपल्यावर दोन ओळी कोऱ्या सोडायच्या. त्यात पुष्करने, माझ्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने व स्वतःच्या नावाने, असे लिहावे की गोंद त्याने माझ्यासाठी लावला नाही. दिवाणाखाली वाकून वाकून त्याला माझा कंटाळा आला होता, म्हणून लावला. एवढे लिहिले तर फ्लॅट त्याचा, सावनीचा त्यावर हक्क नाही. कंटाळा मला समजतो. मलाही माझ्या हातांचा आला आहे. पण त्याने कंटाळा न येता, माझी दया येऊन लावला असेल, तर मला तो ह्या घरात नको.

तो म्हणतो, “बाबा, मी ते लिहू शकत नाही. खरं नाहीये ते.” तर मग ओळी कोऱ्या राहतील. मला घाई नाही, सही होईपर्यंत विचार कर.

 

 

कलम ९. ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉ. पद्मनाभन यांनी करावी. त्यांना फी देऊ नये, ते घेतील.

येथवर सांगितलेले मी वाचून पाहिले. शब्द माझेच आहेत. अक्षर चांगले आहे. लहानपणी त्याला पट्टीने मारून मीच ते वळवले होते.

ठिकाण: नुंगंबाक्कम, चेन्नई
दिनांक: ११ ऑक्टोबर २००९

मृत्युपत्र करणार: अनंतराव विष्णु खांबेटे. निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार:
१. जनकोजी राव (सही तमिळमध्ये)
२. डॉ. पद्मनाभन (सही)

बिकलम पुष्कर अनंतराव खांबेटे. वरील मजकूर मृत्युपत्र करणाराने सांगितला तसा, काही न गाळता, मी लिहिला. कलम ८ खालच्या दोन कोऱ्या ओळींवर मी तिरपी रेघ मारली आहे, म्हणजे नंतर कोणी तिथे काही लिहू नये.

बाबा सही करत असताना त्यांचे पेन तीन वेळा कागदाबाहेर गेले. तेव्हा ते मला “मनगट धर” असे म्हणाले. साक्षीदार समोर होते. धरले असते तर ती सही माझी आहे असे उद्या कोणीही म्हणाले असते, म्हणून धरले नाही. ते पुन्हा म्हणाले. मी पेनाला टोपण लावले व शाईचा पॅड आणला.

कलम ८ प्रमाणे फ्लॅट रिकामा करण्यासाठी त्यांच्या मृत्यूपर्यंत थांबण्याचे कारण मला दिसत नाही. येत्या ३१ तारखेला मी व देविका निघत आहोत. जागा पाहून झाली आहे. हे त्यांना तोंडी सांगितलेले नाही.