तिसरा कप

असफावदादा,

मी पास झाले! कॉलेजात निकालावर सही करायला धावतेय, म्हणून ही चिठ्ठी.

माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर नर्सिंगचं अख्खं पुस्तक तू वाचून फोनवर रेकॉर्ड करून दिलंस. मागच्या खेपेला ते तासन्‌तास सलग ऐकलं आणि आपटले. म्हणून यंदा आपल्या रीतीच्या कॉफीच्या तीन फेऱ्यांवर वेळ बांधली. पंचवीस मिनिटं तुझा आवाज, मग कान मोकळे आणि एक कप. हे तुला आधीच सांगायला हवं होतं. रविवारी मला अभ्यास थांबवून कप भरताना पाहून तू भडकलास, "मी घसा फोडायचा आणि बाईसाहेबांनी कॉफी ढोसायची!" आणि पहिल्याच कपावर उठून गेलास.

आज तोंडी परीक्षेत एका औषधावर अडले होते. तेवढ्यात आठवलं, त्याच नावाला अडखळून तू म्हणाला होतास, "हे नाव आहे की शिवी?" मला हसूच फुटलं. पुढचं सगळं मग तुझ्याच आवाजात आठवत गेलं.

कॉफीच्या बिया भाजल्यात, सोबत खायला भाजलेले जव डब्यात आहेत. मी येईपर्यंत तेवढं पाणी चढव.

आशीर्वाद तिसऱ्या कपात असतो, आई म्हणायची. रविवारपासून मी दुसऱ्यावरच थांबतेय. तुझ्याशिवाय एकटीनं कसा घेऊ?

महलेत