एकवीसचा डाव मीही शिकतोय

धुळे, ता. १२ फेब्रुवारी १९६८

सौ. द्रौपदाबाईस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, राग मानू नको. ऑपरेशन केलेल्या डोळ्याची पट्टी कालच सुटली. काळजीचं काही नाही.

शेजारचा देवचंद तुला दुपारी पत्त्यांतला ‘एकवीस’ शिकवतो, हे लिहिलेलं तुझं पत्र आपल्या जावयांनी सर्वांसमोर वाचून दाखवलं. मीही इथे जावयांचे शेजारी मदनलालजी यांच्याकडून चिंचोके लावून तेच शिकतोय. पानांची बेरीज एकवीसच्या वर गेली, की डाव गेला. आपली बेरीज सोळा झाली आणि वाटणाऱ्याचं उघडं पान दुर्री ते छक्की असेल, तर थांबायचं. मोठं असेल, तर पान मागायचं. एक्का एकही धरतात, अकराही. एक्का-नव्वीचे मी दहाच धरले, तर मदनलालजी म्हणाले, “आबा, वीस झाले, आता हात आवरा.” देवचंदला हे येतं का?

तुझा गुडघा बरा आहे ना? पुढचा डाव मी आल्यावर शिकवीन, त्याला नको म्हण. तो ओट्यावरच बसतो ना? एवढं तरी उलट टपाली कळव.

आधार