दोरीवरचा निळा शर्ट

परतूर, मंगळवार, संध्याकाळ

काल बायको जालन्याहून आली, नर्सिंगच्या हॉस्टेलातून, चार दिवसांची सुट्टी घेऊन. आज दिवसभर पाऊस. उद्या मी ट्रकवर नागपूरला निघणार, हे तिला सांगायचं मला जमलंच न्हाई. माझी भरलेली बॅग तिनं बघितली असणार. दुपारी झोपून उठलो तर बॅगेतले सगळे कपडे धुऊन खोलीतल्या दोरीवर.

"येडी हैस का? पावसात कुणी एवढं धुतं का?"

"वाळस्तोर तरी राहताल," ती म्हणली.

मी नुसता दोरीवरच्या निळ्या शर्टाकडं बघत बसलो. लग्नाला वर्ष झालं, त्यात सोबत किती दिवस राह्यलो मी?

आत्ता शर्टाला हात लावला. वाळला होता.

"वाळला का?" तिनं चुलीपासून विचारलं.

"न्हाई, ओलाच हाय अजून."