संदर्भासाठी दुकानाचा नंबर

ता. ३ मार्च

ती. आत्यास,
तुझ्या भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे हे आईने विचारायला सांगितलंय, पण खरं सांगायचं तर आज मतलबानेच लिहितेय. इथल्या कलाकेंद्रात हूप-नृत्य शिकवायला माणूस हवाय. मुलांचे वर्ग, मोठ्यांचे वर्ग, आणि अधूनमधून त्यांच्याच रंगमंचावर स्वतःचे कार्यक्रम. म्हणजे मी जे मैदानात, फुकट, भटक्या कुत्र्यांसमोर करत आलेय तेच, पण पगार घेऊन.

बाबांनी मुदत दिलीय ते तुला माहीत आहे. महिनाअखेरपर्यंत नोकरी लागली नाही तर एक तारखेपासून चष्म्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. दुकान वाईट नाही गं. पण दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमी चढवल्यावर हूप उचलायचं त्राण उरणार नाही, आणि ते कायमचं खुंटीला लागेल याची मला भीती वाटते. बाबांच्या मते कमरेभोवती कडं फिरवणं हा लहान मुलींचा खेळ, त्याला कोण पगार देतं. म्हणून अर्जाचं त्यांना सांगितलेलंच नाही.

केंद्राला बायोडेटा हवाय. लिहिते आणि फाडते. एकतर मी जगप्रसिद्ध वाटते, नाहीतर अगदीच रिकामटेकडी. तू जन्मभर नोकरभरतीच्या खात्यात लोकांचे अर्ज चाळलेस, म्हणून मसुदा तुझ्याकडे पाठवतेय. लाल पेन घे आणि दयामाया दाखवू नकोस.

तुझ्या मायेवर कायमचा हक्क सांगणारी,
भिंगरी


ता. ८ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

मसुदा वाचला. दयामाया दाखवली नाही. ‘नृत्य हा माझा श्वास आहे’ हे पहिलंच वाक्य खोडलं. श्वास सगळेच घेतात, त्यासाठी कुणी नेमणूक करत नाही. ‘मेहनती, उत्साही, मनमिळाऊ’ हेही गेलं. आळशी आणि भांडखोर असं लिहिलेला अर्ज माझ्या टेबलावर कधी आलाच नाही. उंची, रंग आणि मामाचा हुद्दा काढून टाकलाय. तू नोकरी शोधते आहेस, स्थळ नाही.

आता जे लिहायचं ते तू लिहिलंच नव्हतंस. शेजारच्या शिंपीणबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तू त्यांना खुर्चीत बसवून मनगटावर हूप फिरवायला शिकवलंस, आणि आज त्या उभ्याने कमरेवर फिरवतात, हे मला तुझ्या आईकडून कळावं? आणि शाळेच्या समारंभात नाचता नाचता हूप निसटून मुख्याध्यापकांच्या मांडीवर गेलं, ते का लपवलंस? तू ताल न सोडता खाली उतरलीस, त्यांच्या गळ्यात हूप घालून त्यांना टाळ्या मिळवून दिल्यास, आणि तेच घेऊन परत वर गेलीस. ते मी सादरीकरणाच्या अनुभवात सगळ्यात वर टाकलंय. हूप सगळ्यांचंच पडतं. शिकवणारीला ते हसत उचलता आलं पाहिजे.

संदर्भासाठी तुझं काम रोज पाहणारं माणूस लागतं. तिथे शिंपीणबाईंना घातलंय, नंबर माझ्या डायरीत होताच. तू वेंधळी आहेस म्हणून अर्ज इथूनच केंद्राला धाडला. प्रत सोबत आहे. आता जेवत जा वेळेवर.

तुझी आणि तुझ्या हूपची काळजी वाहणारी,
आत्या


ता. १७ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बायोडेटा वाचून मला माझाच हेवा वाटला. मुलाखतीचं बोलावणं आलंय, परवाच जायचंय.

पण आत्या, घात झालाय. शिंपीणबाईंकडे पूर्वी फोन नव्हता तेव्हा तू त्यांचे निरोप बाबांच्या दुकानात ठेवायचीस, आठवतं? डायरीत त्यांच्या नावापुढे दुकानाचाच नंबर आहे, आणि अर्जात तोच गेलाय. म्हणजे केंद्राचा फोन उचलणार बाबा.

मी धावतपळत केंद्रात गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या की फोन केव्हाच झाला. काय बोलणं झालं ते सांगता येत नाही म्हणे. घरी आले तर बाबा नेहमीसारखे जेवले. मध्येच आईला म्हणाले की पोरीचे बूट झिजलेत, नवे घ्यायला हवेत. बस, एवढंच. याचा अर्थ काय लावायचा ते तूच सांग.

रागावले नाहीये, पण डायरी आधी दुरुस्त कर.

तुझीच घाबरलेली,
भिंगरी


ता. २४ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या डायरीने मला पुरतं कैचीत पकडलं. गिऱ्हाइकाच्या फ्रेमचा स्क्रू पिळत होतो आणि फोन आला. केंद्रातल्या बाईंनी विचारलं की या मुलीचं काम आपण रोज पाहता का. चुकीचा नंबर म्हणून ठेवणारच होतो. पण प्रश्न खरा होता, आणि मी पाहतो रोज.

मी म्हटलं, मी तिचा बाप आहे, माझं बोलणं धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा, आणि मला हे काम पसंत नाही हेही लिहून घ्या. मग सांगितलं की सकाळी ती दुकानामागच्या फरशीवर सराव करते आणि मी शटर उघडायचं सोडून खिडकीतून बघत बसतो. हूप पडतं, ती उचलते. परत पडतं, परत उचलते. कधी आदळआपट नाही. शिंपीणबाई काठी टेकत शिकायला आल्या, आता काठी माझ्याच दुकानात विसरून जातात. शेवटी बोलून गेलो की गल्ल्यावर बसली तर माझी सोय होईल, पण पोर वाया जाईल. बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. बाई म्हणाल्या, असा संदर्भ आजवर कुणी दिला नव्हता.

मुलाखतीत करून दाखवताना हूप निसटून संचालकांच्या टेबलाखाली गेलं. पोरीने त्यांनाच वाकून काढायला लावलं आणि तिथल्या तिथे उभं करून कमरेवर फिरवायला शिकवलं. काल नेमणूक आली. वर्गही मिळाले, रंगमंचही. आनंदाने मी एवढा ओरडलो की शेजारचे धावत आले, असं तुझी भावजय सांगते. मला काही आठवत नाही.

येत्या शनिवारी केंद्रात तिचा पहिला कार्यक्रम आहे. तू यायचंसच. शनिवार ऐन गिऱ्हाइकीचा, पण शटरवर पाटी लावणार आहे. मजकूर तपासून कळव: ‘आज दुकान बंद. मुलगी रंगमंचावर नाचणार आहे. बघायला गेलो आहे.’

तुझ्या धाकाखाली सुखाने असणारा,
धाकटा


ता. २७ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पाटी तपासली. लाल पेनाने जन्मभर शब्द खोडत आले, आज पहिल्यांदाच एक वाढवतेय. ‘मुलगी’च्या आधी ‘माझी’ लिही, आणि ते मोठ्या अक्षरात.

शनिवारी सकाळी पोचते. पुढच्या रांगेत बसणार आहे. हूप मांडीवर आलं तर बघता येईल.

डायरीतला नंबर मुळीच न बदलणारी,
ताई