नऊ गैरहजर

मंगळवार, ४ नोव्हें.
सातलाच आरटीओच्या टेस्ट ट्रॅकवर. थंडी पडायला लागली, शाल घरी विसरले. दुसरे इन्स्पेक्टर रजेवर, नेहमीप्रमाणे. म्हणजे आजच्या सगळ्या लायसन टेस्ट माझ्याच माथी.

मखमलाबादकडची सुनंदा परत आली. फुलांची शेती आहे त्यांची. स्वतःची पिकअप, शेजारी दीर, मागच्या क्रेटना झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. पहाटे फूलबाजारात माल उतरवून थेट इकडे. काय हात बसलाय बाईचा! रिव्हर्स असा घेतला की मलाही जमणार नाही. पण दोन्ही आरसे आत मिटलेले आणि मान खिडकीबाहेर. मागल्या वेळीही हेच.

"आरसे का मिटलेस गं?"
"बाजारात गल्ली लय बारीक हाये मॅडम. उघडे ठेवले तं हातगाडीवाले फोडून टाकत्यात."
"इथं कुठली गल्ली?"
"सवय हाये."

नापास. दुसऱ्यांदा. नवऱ्याचा पाय मोडलाय, ठेवलेला ड्रायव्हर पळाला, लगीनसराई तोंडावर. हिचं लायसन शिकाऊ, शेजारी लायसनवाला लागतो; दीर कंपनीत कामाला, तो रोज पहाटे किती दिवस बसणार? सगळं ऐकलं. वाईट वाटलं, दिवसभर वाटत राहिलं. पण मागून मोटारसायकल आली तर हिला मान वळवेपर्यंत कळणार नाही. माझा काय इलाज?

गुरुवार, ६ नोव्हें.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. तेव्हाच ओळखलं. आमचे साहेब या उपकार्यालयाचे प्रमुख झाल्यापासून त्यांनी कुणाला उगाच चहा पाजलेला नाही.

चिठ्ठी पुढे सरकवली. नऊ नावं. एका ट्रॅव्हल्सवाल्या शेठचे ड्रायव्हर, बसचं लायसन पाहिजे. सिंहस्थाच्या आधी त्र्यंबकेश्वरला बस सोडायच्यात म्हणे.

"उद्याच्या यादीत आहेत. माणसं बाहेरगावी गेलीत, येऊ शकणार नाहीत. तुम्ही फक्त टॅबवर पास करून टाका."
"टेस्ट न घेता?"
"मुरलेले ड्रायव्हर आहेत हो सगळे."
"मग देऊ देत की टेस्ट. मुरलेल्यांना कसली भीती?"

साहेब हसले. म्हणाले, "तुमची मुलगी बारावीला ना यंदा? अशा वर्षात बदली झाली की फार हाल होतात."

चहा तसाच ठेवून उठले. दारातून बाहेर पडेपर्यंत पाठ ताठ ठेवली, पुढं जिन्यात बसले दोन मिनिटं.

शुक्रवार, ७ नोव्हें.
नऊच्या नऊ नावं तीन-तीनदा पुकारली. मोठ्याने. शेठचा एजंट समोरच्या पानटपरीवर उभा राहून हसत होता. त्याला वाटलं मी नाटक करतेय.

नऊ नावं, नऊ वेळा "गैरहजर" दाबलं. त्याचं हसणं पाचव्या नावाला थांबलं. एवढं मात्र मजा घेऊन पाहिलं मी.

एकदा दाबलेलं मला बदलता येत नाही. साहेब वरून रद्द करू शकतात, पण त्यासाठी माझं लेखी पत्र लागतं, की नजरचुकीने दाबलं गेलं. तासाभरात पत्र टाईप होऊन टेबलावर! खाली माझं नाव, हुद्दा, सगळं तयार. फक्त सही बाकी.

केली नाही. ड्रॉवरमध्ये टाकलं पत्र.

घाबरले आहे, इथं खोटं कशाला लिहू? घरी येताना स्कूटी दोनदा बंद पडली, म्हणजे मीच पाडली. पण मंगळवारी ज्या बाईला चांगली गाडी चालवता येते तिला आरशांवरून घरी पाठवलं. आणि जे आलेच नाहीत त्यांच्या हातात माणसांनी भरलेली बस देऊ? कुठल्या तोंडाने?

सोमवार, १० नोव्हें.
विलासला सांगितलं. नवरा म्हणून गप्प ऐकून घेईल असं वाटलं होतं. कसलं काय.

"एक सही गं. त्याने काय जग बुडणारे?"
"जग नाही. एखादी बस बुडेल."
"आणि सायलीची बारावी?"
"सायली अभ्यास करतेय. तू तिच्या नावाने घाबरू नकोस."

त्यानंतर अबोला. रात्रीची भाजी त्याने केली, मीठ विसरला. मी मुकाट्याने खाल्ली. मीही काही बोलणार नाही म्हटलं, बघू कोण आधी बोलतं.

गुरुवार, १३ नोव्हें.
दुपारी सुनंदा ऑफिसात. हातात घडी घातलेला कागद. शेठच्या एजंटने तिला घरी जाऊन दिलेला. "मॅडमनी पैसे मागितले, दिले नाहीत म्हणून दोनदा नापास केले." वाचताना कान तापले माझे. आजवर कुणाच्या घोटभर पाण्याला शिवले नाही मी!

"सही कर, लायसन घरपोच देतो, म्हन्ला तो."
"केलीस?"
"नाय अजून. मालक म्हन्तात, करून टाक, आपल्याला काय देनंघेनं."

"अजून" म्हणाली. तो शब्द डोक्यात बसला.

खरं सांगायचं तर तोंडापर्यंत आलं होतं, "करू नको सही, मंगळवारी ये, बघू काहीतरी." हे "बघू" ऐकतच वीस वर्षं काढलीत या खात्यात. आणि आज माझ्याच जिभेवर. शी!

म्हटलं, "खरं असेल ते कर. अठराला टेस्ट आहे, आरसे उघडून ये."
"म्हंजे पास करनार?"
"नीट चालवलीस तर करेन."
"असं कसं बोलता ओ तुम्ही?" म्हणाली आणि कागद घेऊन निघून गेली. मी एवढ्या लांबून सांगाया आले, असं पुटपुटत. तिचंही बरोबर आहे.

मंगळवार, १८ नोव्हें.
एजंट टपरीवर. आणि साहेब, जे कधी ट्रॅकवर पाय ठेवत नाहीत, ते आज हात मागे बांधून कुंपणापाशी. काय थाट!

सुनंदा आली. आरसे उघडे. रिव्हर्स छान, वळणं छान. मला आतून हायसं वाटायला लागलं. शेवटचा चढ. थांबवली. निघताना क्लच लवकर सुटला की काय, गाडी मागे आली. चांगली दोन हात. मागे खुणेला उभी केलेली काठी आडवी.

मागे आली की नापास. टॅबवर बोट धरून उभी राहिले. पास केलं तर साहेब म्हणणार, तक्रार होऊ नये म्हणून हिला विकत घेतलं. नापास केलं तर ही सही करणार. दोन्हीकडून मीच अडकते. मग उरलं काय, तर गाडी मागे आली एवढंच.

नापास.

"एवढ्याशासाठी?"
"मागे कुणी उभं असतं तर?"
"डोकं ठिकाणावर हाये का मॅडम तुमचं? मी तुमच्यासाठी..." सगळ्यांसमोर दार आपटलं. दीर खाली मान घालून बसलेला.

घरी येऊन रडले. चांगली पोटभर रडले. विलास दाराबाहेरून म्हणाला, "चहा टाकू का?" आधी तोच बोलला शेवटी.

बुधवार, १९ नोव्हें.
तक्रार आली. खाली सुनंदाची सही.

राग आला, खूप. तिचा आला, एजंटचा आला, आणि कालच्या माझ्या बोटाचाही आला. मग वाटलं, तिची लगीनसराई बुडतेय, तिने का म्हणून माझी पत सांभाळावी?

साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी. अगदी मऊ आवाज. "शुक्रवारी वरून चौकशीला येतायत. त्या बाईला बोलावलंय. ते जुनं पत्र आहे ना तुमच्याकडे? सही करा, तक्रार मागे घ्यायला लावतो. विषय संपला."

ड्रॉवर उघडला. पत्र काढलं. त्यांचा हात पेनाकडे गेला. मी पत्राचे दोन तुकडे केले, मग चार. सगळं ऑफिस बघत होतं. काऊंटरवरचा एक म्हातारा म्हणाला, "मॅडम, माझा कागद तर नाही ना तो?"

"नाही बाबा, तुमचा नीट ठेवलाय."

शुक्रवार, २१ नोव्हें.
चौकशी. मला आधी बोलावलं. विचारलं, उत्तरं दिली. नऊ नावांचं विचारलं नाही, मीच सांगितलं. अधिकाऱ्याने लिहून घेतलं की नुसतं पेन हलवलं, दिसलं नाही.

बाहेर बाकावर सुनंदा, नवं लुगडं नेसून. शेजारी एजंट तिच्या कानाशी. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला आत बोलावलं, एजंटला दारातच थांबवलं. दार बंद. पाऊण तास! मी समोरच्या खुर्चीत फाईल उघडून बसले, पान काही उलटलं नाही. एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

दार उघडलं. एजंट पुढे झाला, काहीतरी विचारलं. ती त्याच्या बाजूने निघून थेट माझ्या टेबलासमोर. चेहऱ्यावरून काहीही कळेना. आत काय सांगितलंस, हे ओठांवर आलेलं गिळलं. ते मी विचारायचं नसतं.

म्हणाली, "मंगळवारची टेस्ट तुम्हीच घेनार का?"

मीच असावं म्हणून विचारतेय की नसावं म्हणून, देव जाणे. केबिनच्या दारात साहेब उभे. बदलीची ऑर्डर निघालीय असं सकाळपासून कानावर आहे.

म्हटलं, "ऑर्डर हातात पडेपर्यंत मीच. सातला ये."